तिरकोनी स्क्रू

रोसम्मा सिस्टरने जाताना दिलं ते,
कोट्टयमचं सगळं सामान टेम्पोत चढल्यावर, अगदी शेवटी,
कडेवर मूल द्यावं तसं.
"खराब है. तू बनाएगी," म्हणाली.
विचारलं नाही.

तीन महिने फ्रिजवर बसून होतं, वायर पोटाशी गुंडाळून.
आम्ही चहाची माणसं.
येता-जाता त्याच्यावर धूळ पुसायची, एवढाच संबंध.

मग वैशाखात एका दुपारी
भरत नाईट करून कूलरसमोर आडवा,
मी गच्चीत बिबडे वाळत टाकून खाली आले
आणि त्याला उपडं केलं.

चार स्क्रू. तीन साधे.
चौथा तिरकोनी,
म्हणजे कंपनीचं म्हणणं, बाई, इथून पुढे तुझं काम नाही.
बावीस वर्षं कारखान्यात आर्मेचरला तार गुंडाळली मी,
असली म्हणणी पुष्कळ ऐकलीत.
जुना पेचकस घेतला, उंबऱ्याच्या शहाबादीवर घासला,
घासला, टोकाला तीन कडा येईपर्यंत.
फरशीवर पांढरी रेघ उठली. ती अजून आहे.

"कायले उघाडलं ते?" भरत, डोळे मिटूनच.
"आपलं पातेलं कधी बिघडलं का?"
मी बोलले नाही.
पातेलं कोण उघडणार,
त्याला आत नसतं.

याला होतं.
रबराची नळी, नालासारखी वाकलेली ॲल्युमिनियमची नळी,
तिच्या पोटाशी पांढऱ्या बाहीत लपेटलेला फ्यूज,
बोट कापलं की सिस्टर बांधायची, तशी चिंधी.
मीटर लावला. फ्यूज जिवंत.
दिवा लागत होता, तवा तापत होता,
फक्त पाणी वर चढत नव्हतं.

नळीत फुंकलं. श्वास परत तोंडावर आला.
तारेने टोकरलं, तेव्हा खडखड पडलं
बिबड्यांच्या डब्याच्या झाकणात,
पांढरं, पापुद्र्यांचं, दगडासारखं.
तापीचं पाणी.
आठ-आठ दिवसांनी नळाला येणारं, टाकीत साठवलेलं,
तेरा वर्षांचं.
भिंतीलगतचे थर जाड होते, आतले पातळ.
जाड ते दोन कपांचे असतील, थॉमस होता तेव्हाचे.
पातळ ते एका कपाचे.
असं काही नसतं, मला कळतं.
तरी नखाने मोजत बसले.

लिंबूसत्त्व घालून उकळलं. फेस आला, वास आला.
मधल्या झडपेची गोळी, साबुदाण्याएवढी,
हातातून सुटली ती थेट सिलिंडरमागे.
तिच्याशिवाय पाणी चढतं, लगेच मागे फिरतं.
पोटावर पडून शोधली. सापडलं पुढीलप्रमाणे :
पंचवीस पैसे, वाळलेली पाल, सुनेच्या टिकल्यांचं पाकीट
आणि गोळी.

तीन स्क्रू लावले.
चौथा नाही लावला.

बटण दाबलं. काही नाही.
काही नाही.
मग घुर्र, घुर्रर्र,
आणि खोकला काढून थुंकल्यासारखं पहिलं पाणी.

हा आवाज तेरा वर्षं भिंतीतून यायचा,
क्वार्टरची ती अर्ध्या विटेची भिंत,
पहाटे पावणेपाचला, सिस्टरची पहिली पाळी असली की.
आम्हाला गजर लावावा लागला नाही कधी.
भरत उठला नाही. नुसता कुशीवर वळला, त्या भिंतीकडे,
आणि झोपेतच म्हणाला,
"सिस्टर उठली."

पहिला घाणा मोरीत ओतला. दुसराही.
तिसऱ्याला कॉफी घातली, तिनेच बाटलीत ठेवलेली, जुनी, मवाळ.
अजून लिंबाची चव होती.
उभ्यानेच प्यायले, अर्धा कप,
साखर न घालता, ती प्यायची तशी.
आवडली असं नाही.

तोवर वर बिबडे उलटायचे राहून गेले,
कडा वळून वाट्या झाल्या त्यांच्या.
झाकणातला तो पांढरा चुरा
मी अजून टाकलेला नाही.