शीग

फ्रीटाऊनच्या टेकडीवर, मशिदीमागच्या बोळात
सतरा घरांना दोरी लागली.
एकवीस दिवस आतलं आत, बाहेरचं बाहेर.
ताप दोरी मानत असेल कदाचित,
भूक मानत नाही.

आमचं माप : टोमॅटो पेस्टचा रिकामा डबा.
माणशी दोन डबे तांदूळ, वेगळी पुडी बांधून.
सपाट भरायचा, तळव्यानं निपटून.
गोदामात पोती थोडी, घरं फार.
पुड्या दगडावर ठेवायच्या,
दहा पावलं मागं सरायचं,
मग हाक.

येबू कोंतेच्या घरी नऊ माणसं.
सहाव्या दिवशी तिनं दारातूनच बोटं दाखवली : आठ.
मी वहीत खोडलं. विचारलं नाही.
नवव्या दिवशी सहा.
बोकारीनं तरी नऊच बांधल्या.
म्हणाला, हिशेब चुकला तर माझ्या नावावर टाक.

दुसऱ्या सकाळी
तीन पुड्या दगडावर तशाच,
दवानं ओल्या.
आतून आवाज आला,
हात लावला नाही मी. शेजारी द्या,
त्यांच्याकडे पोरं जास्त आहेत.

बाविसाव्या दिवशी दोरी सुटली.
क्लोरीननं पांढरी पडलेली ती दोरी
येबूनं मागून घेतली,
कपडे वाळत घालायला.

आणि सोमवारी आमच्या शेडमध्ये येऊन
डबा हातात घेतला.
भरला, शीग लावून.
पुढचाही तसाच.
बोकारीनं माझ्याकडे पाहिलं,
मी पोत्यांकडे.
तांदूळ पुरणार नव्हता.
निपट, असं तिला
कुणीच म्हणालं नाही.