उष्टी ऊब

आउनेबाईंच्या न्हाणीघरातला व्हॉल्व्ह गळत होता.
मी खाली बसून पाना फिरवत होतो,
त्या दारात, काठीवर रेलून.
म्हणाल्या, "कागदाची गिरणी तर बंद पडली.
मग हे पाणी तापवतं कोण हल्ली?"

सांगावं लागलं.
गिरणीच्या जागी ती बिनखिडक्यांची इमारत आलीय ना,
तिथं यंत्रं रचलीत, फडताळात बरण्या रचाव्यात तशी.
जगात कुठं कुणी सिनेमा लावला
की ती तापतात.
त्यांचा ताप काढून आम्ही नळात घालतो,
तो तुमच्या भिंतींतून फिरतो.

"म्हणजे उष्टं," त्या म्हणाल्या.
"जेवणारा उठला की ताटात राहतं ते."
"तसंच."
"आणि जेवणारा उठलाच नाही तर?"

तेव्हापासून फोन येतो.
काल पहाटे तीनला रेडिएटरला हात लाववेना,
कुठं मॅच होती का?
असेल, मी म्हणतो.
आपली पहाट म्हणजे कुणाचीतरी जेवणानंतरची वेळ.

एक मात्र सांगत नाही.
माझी विल्या फोन छातीवर ठेवून झोपते.
एक भाग संपतो, पुढचा आपला आपण लागतो,
किल्ला पडतो, राणी रडते,
मिटल्या पापण्यांवर निळा उजेड हलत राहतो.
तेवढ्या उजेडासाठी
वर उत्तरेला नदी अडवलीय,
सामन मासा भिंतीला नाक लावून परत फिरतो.
महिन्यातून एकदा जनरेटर खोकून बघतात,
इमारतीमागचा बर्फ काजळतो.

ओइवाचं गिरमिट ओसरीत खिळ्याला टांगलंय.
स्वातंत्र्यदिनाच्या मेणबत्त्या विझल्या
की दुसऱ्या दिवशी तो तळ्यावर निघायचा,
बर्फाला भोक पाडून दिवसभर बसायचा,
संध्याकाळी चार मासे आणि एक शब्द घेऊन यायचा: "गार."
यंदा जानेवारी अर्धा सरला.
तळ्यावर नुसती साय,
बोट लावलं की सुरकुतते.

"एवढी ऊब," आउनेबाई खिडकीतून बघत म्हणाल्या,
"सगळी काही नळातून आलेली नाही."

मागच्या आठवड्यात गेलो
तर रेडिएटरची कळ तीनवरून एकवर,
अंगात दोन स्वेटर, वर ओइवाचा कोट.
"माझ्या वाटचा एक जण
झोपू दे तिकडं."

गणित उलटं आहे.
त्यांनी थंडी सोसली म्हणून कुणाचा पडदा विझत नाही.
उरलेला ताप छतावरचे पंखे
आभाळात फेकून देतात, बस्स.
मी बोललो नाही.
कॉफी घेतली, पावती फाडली.

त्या रात्री विल्याच्या छातीवरून फोन उचलला.
गरम होता,
नुकत्याच घातलेल्या अंड्यासारखा.
बंद करणार होतो.
पण बाहेरून आलेलो, बोटं गारठलेली.
दोन्ही हातांत धरून
थोडा वेळ तसाच उभा राहिलो.