ओल मोजणारा

मी भिंतींची ओल मोजतो.
दोन सुया टोचायच्या, आकडा बघायचा,
वहीत लिहायचा. एवढंच काम.

रोसविथाच्या घरात नदी छातीपर्यंत येऊन गेली होती.
जाताना भिंतीवर रेघ सोडून गेली,
तपकिरी, सरळ,
कुठल्याही गवंड्याच्या पाणसळीला लाजवेल अशी.
रेघेच्या वर हातभर गिलावा आम्ही खरवडला.
पाणी भिंतीत चढत राहतं,
वातीतून तेल चढावं तसं.

मग चार यंत्रं, सात आठवडे घुरघुर.
रोज बादलीभर पाणी निघायचं
नुसत्या हवेतून.
झोप कुणालाच नव्हती, तक्रारही कुणी केली नाही;
आर नदीकाठच्या त्या अख्ख्या गल्लीत तीच घुरघुर.

"खिडक्या?" मी विचारायचो.
"यंत्र चालू असताना बंद. माहीत आहे.
चाळीस वर्षं एवाल्डनं खिडक्यांवरूनच
माझं डोकं खाल्लंय."

कपाटामागे बुरशी आलीच.
काळी, मऊ, मांजराच्या कानासारखी.
ती हात लावायला गेली, मी ओरडलो:
कोरडी पुसू नका, उडते ती,
फुफ्फुसात घर करते.
घर हा शब्द तोंडातून गेला
आणि मी मास्क शोधत बसलो, उगाच, बराच वेळ.

पत्रं मात्र तिनं पहिल्याच रात्री
टेकडीवर लीझलच्या फ्रीझरमध्ये कोंबली होती,
चिखलासकट, पिशवीत,
मटार आणि माशांच्या मधोमध.
"कुणी सांगितलं तुम्हाला?"
"गोठलेलं सडत नाही.
स्वयंपाक करणाऱ्याला एवढं कळतं."

जानेवारीत आकडा उतरला.
ती एकेक पत्र वितळवू लागली,
टीपकागदावर, चिमट्यानं, श्वास धरून.
एवाल्ड ऱ्हाईनवर मालबोटी चालवायचा, तिथून लिहायचा.
शाई बहुतेक नदीच घेऊन गेली होती.
एका पानावर दोनच ओळी उरल्या:
तळघराची खिडकी रोज उघड.
मी नसलो तरी.

"मेला!" ती म्हणाली,
"एवढं सोडून बाकी सगळं पुसलं गेलं?"
हसली. मग उठून तळघरात गेली.
कडी वाजली. जिन्यावरून थंडी वर आली,
पाच मिनिटं, घड्याळ लावून.

मी आकडा लिहायला वही उघडली.
पेनातली शाई आखडली होती,
दोनदा गिरवावा लागला.