कणभर

पॅकीमामाला पुरून आलो तेव्हा हॉलच्या
खिडक्या वाफेनं आंधळ्या झाल्या होत्या.
पातेली, फॉइल, चहाचे पन्नासेक कप,
आणि मी माझं ते कायमचं ओशाळं वाक्य
दोनदा म्हटलं. अकरा वर्षांत झिजून ते एवढंच उरलंय:
मला गहू चालत नाही.
ब्रोना म्हणाली, माहितेय गं, तुझं वेगळं काढलंय.

काढलंही होतं. तिची चूक नव्हती.
चूक डावाची.
शेजारच्या ग्रेव्हीत बुडून आलेला तो डाव
कुणीतरी मायेनं माझ्या बटाट्यांत फिरवला.
कणीक म्हणावं इतकंही नाही. कणच.

दीड तासानं, ड्रमशॅन्बोच्या वळणावर,
कोलमनला म्हटलं, थांब.
कुंपणापाशी पहिली उलटी. मग मोजणं सोडलं.
ओली चादर पिळावी तशी आतडी पिळत होती
दोन टोकांना दोघं धरून.
शेवटी उठायला गेले तर पाय जागेवर नव्हते.
पलीकडे मेंढ्या चरत होत्या. त्यांना गवत चालतं,
गवताचं बीसुद्धा चालतं.

स्लायगोला, काचेमागची बाई: कशाची ॲलर्जी?
कोलमन: ॲलर्जी नाही, सीलिॲक.
ती: म्हणजे शेंगदाणे?
गुरांच्या बाजारातही आवाज न चढवणाऱ्या माझ्या नवऱ्यानं
काचेवर तळहात ठेवला. नुसता ठेवला.

डॉक्टर कोवळा, कालच दाढी करू लागल्यासारखा.
ग्लुटेननं कुणी मरत नाही, म्हणाला, समजुतीनं.
मी मरतेय असं म्हटलंच नव्हतं.
उभं राहता येत नाही, एवढंच म्हटलं होतं.
मग दंडावरचा पट्टा फुगला, सैल झाला,
आकडा बघून तो बोलायचा थांबला.
पुन्हा फुगवला. आकडा आणखी दोननं खाली.
त्यानंतर सगळेच भराभर चालू लागले.

शीर सापडेना. चौथ्या ठिकाणी सापडली.
सलाईनची दुसरी पिशवी संपेपर्यंत मी
कॉरिडॉरमधल्या ट्रॉलीवर, नंबर चौदा.
पंधरावर खुबा मोडलेले गिलहूलीबाबा,
दिसेल त्याला विचारत,
माझ्या कुत्र्याला कुणी खायला घातलं का?

पहाटे सहाला चहा आला. आणि टोस्ट.
लोणी वितळताना येतो ना, तो वास.
काय सांगू, अकरा वर्षांनीही
जगात त्याहून चांगलं काही नाही.
जिच्यापायी आत आले तीच वस्तू
त्रिकोणी कापून, ताटलीत, माझ्यासमोर.
माझी चिठ्ठी ट्रॉलीच्या पायथ्याशी अडकवलेली,
जिथं फक्त माझे मोजे ती वाचू शकले असते.
मी हसले. पोट दुखलं म्हणून थांबले.
मान हलवली. मुलीनं ताटली परत नेली.

गिलहूलीबाबांनी आपला अर्धा तुकडा पुढे केला.
घे पोरी, तुझं नेलं की त्यांनी.
नको म्हटलं. का, म्हणाले.
ते झिजलेलं वाक्यही तेव्हा उचलवेना.
मामा गेला, म्हटलं.
मग तर खायलाच हवं, म्हणाले,
आणि माझ्या वाट्याचंही त्यांनीच खाल्लं,
सावकाश, टोपी काढल्यासारखं.
एक चुरा त्यांच्या पांघरुणावर पडला.
गांधीलमाशीवर नजर ठेवावी तशी
मी त्याच्यावर ठेवून पडले, उजाडेपर्यंत.

फोनमध्ये ब्रोनाचा निरोप होता.
रडत होती. डाव तीनदा उकळला म्हणाली,
मग ग्रेव्हीचं पाकीट कचऱ्यातून काढून
मागची बारीक अक्षरं वाचू लागली मोठ्यानं,
काल फादर कबरीपाशी वाचत होते त्या सुरात:
बटाट्याचा स्टार्च, मीठ, गव्हाचं पीठ...
तिथं थांबली. नाक ओढलं.
पुन्हा पहिल्यापासून.