चोथा

वायनरीच्या मागच्या दाराशी मार्चात
जांभळ्या चोथ्याचा ढीग पडलेला असतो.
रस पुढे गेलेला, बाटल्यांकडे, पाहुण्यांकडे;
मागे सालं, देठ, बिया आणि गांधीलमाश्या.
मी दोन पिशव्या भरून घेते.
गंगापूर रोडच्या सिग्नलला शेजारचा माणूस
वास घेतो, माझ्याकडे बघतो,
आणि हेल्मेटची काच खाली ओढतो.

इंदिरानगरच्या गच्चीवर जुन्या पेपरांवर वाळवण.
कुलथेकाकू विचारतात, कशाच्या कुरडया गं यंदा?
बियांच्या, म्हणते.
दळून, भिजवून, गाळून, आटवून
शेवटी उरते डबीभर पूड, तपकिरीसारखी.
जिभेला लावली तर तोंड आवळून येतं,
कच्चं केळं खाल्ल्यागत.
तो तुरटपणा म्हणजे माझा प्रबंध.

उंदरांना टोचतो ते औषध लाल असतं.
गाठीला मारतं, आणि जाता जाता
हृदयालाही चावून जातं.
आधी ही पूड पाजली तर
हृदयाच्या पेशी वाचतात का, एवढाच माझा प्रश्न.
वाचतात. थोड्या. उंदरांच्या.
एवढं म्हणायला चार वर्षं लागली.

प्राणीगृह पुंजाराम गांगुर्डे सांभाळतात.
तूस बदलणं, पाण्याच्या बाटल्या, वजनाची वही.
सुई टोचताना उंदराच्या मानेवर बोट ठेवून म्हणायचे,
झालं हां, दोनच मिनिटं.

दिवाळीनंतर त्यांच्याच मानेत गाठ निघाली.
लसिकाग्रंथीची, डॉक्टर म्हणाले,
औषधांना ऐकणारी आहे.

मुंबई नाक्याजवळच्या दवाखान्यात मी भेटायला गेले
तेव्हा नळीतून लाल उतरत होतं.
त्यांनी ओळखलं.
हेच ना, मॅडम?
मी मान हलवली.
मग आमचा गट कुठला?
नुसत्या औषधाचा, का तुमच्या पुडीचा?

नर्सने दुसरं औषध लावलं, पाण्यासारखं.
भामाबाईंनी विचारलं, हे कशाचं?
सदाफुलीचं, म्हटलं.
त्यांना पटेना. दारातली? ती गुलाबी?
जिला शेळीसुद्धा तोंड लावत नाही?
तीच.
पुंजाराम हसले, मग खोकले, मग म्हणाले,
शेळी शहाणी.

तिसऱ्या खेपेला बोटांची टोकं बधिर झाली.
पिंजऱ्याची कडी लागेना.
कोणी बघत नाही असं पाहून विचारलं,
डबीतलं चमचाभर द्याल का?
कागदावर सही करून देतो.

नाही म्हणाले.
नाही म्हणायला जे कारण आहे
ते प्रबंधात सातव्या प्रकरणात आहे, आखीव तक्त्यात.
त्यांना तसं कसं सांगू?
म्हटलं, मामा, ढाल आंधळी असते.
कोणाला झाकायचं ते तिला कळत नाही.
चांगल्या पेशीवर बसली तशी गाठीवरही बसेल,
आणि मग तुमचं लाल औषध
बाहेरच्या बाहेर परत जाईल.
अजून माहीत नाही. माहीत नाही तोवर
डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढासुद्धा नको.

ते बराच वेळ तुसात बोटं फिरवत राहिले,
काही लागतंय का ते बघत.
चोवीस वर्षं, म्हणाले,
यांना कधी कोणी असं समजावून सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी मी सहा हृदयं
बर्फातून काढून काचपट्ट्यांसाठी कापली.
हात हलू दिला नाही.

आता पाचवी खेप झाली आहे. केस गेले, भुवया गेल्या.
जेवणाच्या डब्यात भामाबाई द्राक्षं देतात,
गरम पाण्याने तीनदा धुतलेली,
पिंपळगावच्या भावाच्या बागेतली.
पुंजाराम एक तोंडात टाकतात,
जीभ सगळीकडे फिरवून बघतात.
यात बी नाही, मॅडम.

नाही, मामा. खायच्या द्राक्षातून
बी आपण केव्हाच काढून टाकलं.

दुसरं उचलतात.
मी कडी लावते.