प्लॉट नंबर सत्तेचाळीस

बेसा ओलांडून पुढे, जिथे नुसते प्लॉट पाडलेत,
घर एकही नाही, तिथे आलो आम्ही सहाच्या आत.
एप्रिल आहे. आठनंतर या शहरात
शिकवणं होत नाही, फक्त सोसणं.

ओजल सहा वर्षांची. बूट दोन साइज मोठे,
पंजात माझे मोजे कोंबलेले.
हेल्मेटच्या वजनाने मान अशी डुलते
की रात्रीच्या एसटीतला पेंगणारा माणूस.
गाडी पन्नास सीसीची, तिसऱ्या हाताची.
फिरोजभाईंनी थ्रॉटलला स्क्रू पिळून दिलाय,
मूठ कितीही मुरगळा,
दूधवाल्याच्या सायकलपुढे जाणार नाही.
तरी ताई म्हणालीच निघताना :
दोन दात पडलेत तिचे, तेवढे पुरेत.

आधी बंद गाडी उचलायची. मग बंद गाडीवर बसून
ब्रेक. दाब. सोड. दाब.
दणक्यात नाही गं, बाजारात भेदरं दाबून पाहतो ना, तसा.
पडायचं कसं, ते मी करून दाखवलं.
मुरमावर आडवा झालो,
कोपर खरचटलं,
ती म्हणाली, "मामा, तू तर खराच पडला बे!"

किक. फुटाणे फुटावेत तसं इंजिन.
स्विचला बांधलेली लाल दोरी माझ्या मुठीत,
ओढली की सगळं बंद.
मी मागे धावतोय, पोट सांभाळत,
आणि ती पुढे,
कुणाच्या तरी होणाऱ्या हॉलमधून,
बेडरूममधून,
उद्या जिथे देवघर येईल तिथून धूळ उडवत,
भिंतीच नाहीत तर अडणार कशाला.
पिवळे दगड मागे पडतात, त्यांवर
ठवकर, ढोमणे, पुन्हा ठवकर.
"ब्रेक! ओजल, ब्रेक!"
ऐकू येत नाही तिला. किंवा येतं.
तिच्या आईलाही येत नसे, लुनावर.

सत्तेचाळीसला ती थांबली.
मी दोरी ओढली नव्हती.

डोक्यावर टिटवी किंचाळत होती, जिला लोक अपशकुनी म्हणतात.
चाकापुढे वीतभर अंतरावर चार अंडी,
मुरमातच, मुरमाच्याच रंगाची.
मी तर त्यावरून चालत गेलो असतो.

गाडी मागे घेणं मी शिकवलंच नव्हतं.
दोघांनी मिळून ढकलली, हळू,
ती हँडलला, मी मागच्या चाकाला,
आणि टिटवी झेपावत होती ती
माझ्याच टकलावर.

मग बुटाच्या टाचेने ओजलने
नवी वाट आखली, पंचेचाळीसवरून वळणारी.
अकरा फेऱ्या. दोनदा पडली. एकदा रडली,
तेही पाण्याची बाटली घरी राहिली म्हणून.

परतताना मागच्या सीटवरून :
"मामा, त्या दगडावर नाव काहून नाही?"
विकला गेला नाही अजून, म्हटलं.
बराच वेळ काही नाही. मानेवाडा चौकाचा सिग्नल लागला.
"मंग त्याइले सांग ना,
आत्ताच नका घेऊ म्हणावं."