तळहाताचा नमुना

खाट क्रमांक सात.
पुरसो नागवेकर, वय त्रेसष्ट, आगरवाड्याचा,
मिठागरात जन्म गेलेला.
भाड्याच्या दुचाकीनं उडवला, डोकं फुटलं,
ते म्हापशाच्या इस्पितळात हळूहळू भरून येत होतं.
नवव्या दिवशी ताप आला.

तापाचा माग काढायचं काम माझं.
हिरव्या फाइलीत छापील तक्ता आहे, धोक्याचे घटक.
साखर: होय. श्वासाची नळी: नऊ दिवस.
मानेतली लाइन: नऊ दिवस.
लघवीची नळी तिसऱ्याच दिवशी निघायची होती,
मी काढेन असं प्रत्येकाला वाटलं की दुसरा काढेल,
तर तीही नऊ.
आधीची औषधं: खाजगीतली, तीन, अक्षर लागत नाही.

रविवारच्या रात्रीला मात्र रकाना नाही.
अकरा खाटा, दोघी सिस्टर,
आणि पहाटे तीनला दोन अलार्म एकदम.
पाचवरून सातवर मी धावले ती
मध्ये हात चोळून की तशीच,
आठवत नाही. खरंच आठवत नाही.

बाहेर बाकावर त्याची जयवंती.
पदराला गाठ, गाठीत मूठभर मीठ,
त्यांच्याच आगरातलं, करडं, अजून ओलसर.
दृष्ट काढायला एकदा आत सोड म्हणाली.
मी म्हटलं, बाहेरचं काही आत नेता येत नाही,
जंतू असतात.
तिनं माझ्याकडे पाहिलं.
"बाय, मिठाक किडे पडटात काय गो?"

चाळीस वर्षं तो पोटरीभर खाऱ्या चिखलात उभा,
टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा,
कधी साधं गळू नाही झालं, ती सांगत होती.
आणि इथं फरशी दिवसातून चारदा पुसतात.

मी नमुने घेत गेले.
पडदा. खाटेचा कठडा. मॉनिटरचं बटण.
सिंकची जाळी.
डॉक्टर कुडचडकरांचा मोबाइल (रागावले).
लॅबमध्ये विल्मा म्हणाली,
सुकांती, सगळ्यांचे आणलेस, आता तुझा हात दे.

मोठ्या थाळीत तळहात टेकवला.
थंड, खरवसासारखं.
दोन रात्री पेटीत, सदतीस अंशांवर,
आपल्या अंगाला असते तेवढ्याच उबेत.

तिसऱ्या सकाळी थाळीत माझा हात उगवला होता.
पाचही बोटं. ठिपक्यांची, पिवळट, किंचित ओलसर.
जिथं बोरीच्या भटानं आयुष्यरेषा दाखवली होती
तिथं सगळ्यात दाट.
आणि अंगठीच्या जागी
पूर्ण वळसा, सुबक, सोनारानं घडवल्यासारखा.

नाव तेच निघालं, सातच्या कफात होतं ते.
तोच असेल असं नाही गं, विल्मा म्हणाली,
या नावाचे पुष्कळ असतात,
गोव्यात नाईक असतात तसे.
तिनं थाळीवर झाकण ठेवलं
आणि मला चहा विचारला.

अंगठी डब्यात ठेवली.
घरी नवऱ्यानं विचारलं, मी म्हटलं, सैल झालीय.

शेवटच्या कपाटातलं औषध सुरू झालं,
ताप जातो, पण मूत्रपिंडाकडून किंमत घेतो.
हे सांगायला बाकापाशी गेले
तर जयवंती ऐकेचना.
"तुजे हात पळय," म्हणाली.
स्पिरिटनं फाटलेले, कांडी कांडी सालपटलेले.
तिनं गाठ सोडली,
माझ्याच भोवती मीठ उतरवलं, सात वेळा,
ओठांत काहीतरी पुटपुटत,
मग उरलेले चार खडे माझ्या तळहातावर ठेवून
वरून मूठ मिटली.

झोंबलं.
मी मूठ उघडली नाही, ती असेपर्यंत.

मग सिंकपाशी. कोपरानं नळ.
तळवे, पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठे,
नखं, मनगट.
सिंकची जाळी बदललेली नव्हती अजून.

खाट सात. दिवस बारावा.
ताप शंभरावर, काल एकशे दोन होता.
लघवीची नळी: काढली.
वेळ लिहिली, खाली सही केली.